कपाळ दुखतं म्हणून मोठा साइज घेऊ नका: फुल फेस हेल्मेट निवडताना आधी डोक्याचा आकार बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकहून सिन्नरच्या एमआयडीसीत रोज दीडशे सीसीच्या गाडीवर जाणं-येणं आहे, डोळ्यांना चष्मा आहे. पहिलं फुल फेस मीडियम साइजचं घेतलं, तर अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागलं. मग त्याच मॉडेलचं लार्ज घेतलं. आता कपाळ शांत आहे, पण सत्तरच्या पुढे हेल्मेट डुलतं, ट्रक शेजारून गेला की डोक्यावर फिरतं आणि खड्ड्यात गाडी आदळली की डोळ्यांवर उतरतं. पाच हजारांपर्यंत सर्वांत आरामदायी ब्रँड कोणता, की मित्र म्हणतो तसं सरळ ओपन फेस घेऊन टाकावं, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात रायडिंग गिअरच्या दुकानात बरीच वर्षं हेल्मेट बसवून देण्याचं काम करतो. ब्रँडचं नाव मी शेवटी घेईन, कारण तुमची अडचण ब्रँडची नाही. साइजचीही नाही. तुमच्या डोक्याचा आकार आणि त्या मॉडेलचा आतला आकार जुळत नाही, आणि हे तुम्ही स्वतःच प्रश्नात सांगून टाकलंय: लहान साइज कपाळावर टोचतो, मोठा साइज बाजूंनी सैल पडतो. या दोन तक्रारी एकाच माणसाच्या तोंडून आल्या, की डोकं पुढून मागे लांबट आहे आणि हेल्मेट आतून गोलसर आहे, असं मी धरून चालतो. बहुतेक वेळा तेच निघतं.

आधी ओपन फेसचा मुद्दा संपवतो. मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ओपन फेस हलकं असतं, वारा लागतो, चष्मा सहज घालता येतो. पण पडताना माणूस टाळूवर पडेलच असं नाही. जर्मनीतले संशोधक डीटमार ओटे यांनी अपघातातल्या हेल्मेटांवर मार नेमका कुठे बसला याचा अभ्यास केला होता. त्यात सुमारे एकतृतीयांश आघात हनुवटी आणि जबड्याच्या भागावर होते. ओपन फेसमध्ये त्या जागी काहीच नसतं. तुम्ही हायवेवर, मोहदरी घाटातून, रोज दोनदा जाता. फुल फेसच ठेवा. ते सुखाने घालता येतं, फक्त निवडायला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो.

आता आकाराचं गणित. साइज म्हणजे डोक्याचा घेर. भुवयांच्या वर साधारण एक इंच, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो भाग सर्वांत बाहेर येतो तिथून टेप फिरवायचा. बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात ५७-५८ सेंटिमीटर म्हणजे मीडियम, ५९-६० म्हणजे लार्ज असं असतं, थोडा इकडे-तिकडे फरक. पण घेर हा एकच आकडा आहे आणि डोकं त्या एका आकड्यात मावत नाही. समजा एक डोकं पुढून मागे २०.५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद आहे. दुसरं १९.५ लांब आणि १७ रुंद. लंबवर्तुळाच्या हिशेबाने दोघांचा घेर साडेसत्तावन्नच्या आसपास येतो. दोघांना तक्ता मीडियमच सांगणार. दुसऱ्याला नीट बसणारं हेल्मेट पहिल्याने घातलं, तर पुढे-मागे एक सेंटिमीटर जागा कमी पडते आणि दोन्ही बाजूंना मिळून एक सेंटिमीटर मोकळं राहतं. कपाळ आणि डोक्याची मागची बाजू चेपली जाते, कानशिलांजवळ बोट जाईल इतकी फट राहते. आता त्या माणसाने लार्ज घेतलं, तर पुढे-मागे जागा होते, पण बाजूची फट आणखी वाढते. हेल्मेट डोक्याला फक्त दोन टोकांवर धरून राहतं, म्हणून ते फिरतं आणि डुलतं. तुमच्या बाबतीत झालंय ते हेच.

हेल्मेटच्या धंद्यात आतल्या आकाराचे तीन ढोबळ प्रकार मानतात: लांबट, मध्यम आणि गोलसर. बाजारातला बहुतेक माल मध्यम आकाराचा असतो, पण एकाचं मध्यम दुसऱ्याच्या मध्यमपेक्षा गोल असू शकतं. बॉक्सवर हे क्वचितच छापलेलं असतं. ब्रँडवरूनही अंदाज बांधता येत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्सचे साचे वेगळे असतात. जपानची अराई तर वेगवेगळ्या डोक्यांसाठी मुद्दाम वेगवेगळ्या आकारांची मॉडेल्स काढते. म्हणूनच ‘अमुक ब्रँड आरामदायी आहे’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याच्या डोक्यापुरतंच खरं असतं.

तुमच्या डोक्याचा आकार घरी कसा बघायचा? केस ओले करून चपटे बसवा आणि घरातल्या कुणाला तरी बरोबर वरून फोटो काढायला सांगा. नाक थोडं दिसलं पाहिजे, म्हणजे पुढची बाजू कळते. अंड्यासारखा लांबट दिसतोय की वाटोळा, हे फोटोत लगेच समजतं. आकडा हवा असेल तर भिंतीला डोकं टेकून उभे राहा, कपाळाला जाड पुस्तक सपाट लावा आणि भिंत ते पुस्तक अंतर मोजा. मग कानांच्या वर दोन्ही बाजूंना दोन पुस्तकं लावून रुंदी मोजा. एवढं करूनही मी त्या आकड्यावर अंतिम निकाल देत नाही. आकडा दुकानदाराशी बोलायला उपयोगी पडतो, निर्णय डोक्यावर हेल्मेट चढवूनच होतो.

एक गोष्ट मात्र मला इथून दिसत नाही, आणि माझं सगळं उत्तर तिच्यावर अवलंबून आहे: पहिल्या हेल्मेटमध्ये दुखणं नेमकं कुठे होतं? मीडियम अजून घरात असेल तर अर्धा तास घालून बसा, काढा आणि लगेच आरशात बघा. कपाळाच्या मधोमध नाण्याएवढा लाल डाग असेल, तर वर लिहिलेलं सगळं लागू. दोन्ही कानशिलांवर डाग असतील तर उलटं आहे, म्हणजे डोकं रुंद आणि हेल्मेट अरुंद. सगळीकडून सारखी फिकट रेघ असेल आणि दुखणं सगळीकडे असेल, तर साइज खरंच लहान आहे. फक्त टाळूवर दुखत असेल तर हेल्मेटची आतली उंची कमी पडतेय. आणि दुखणं कानाच्या वर, चष्म्याच्या दांडीखाली असेल, तर हेल्मेटला दोष देण्याआधी चष्मा बदलून बघा.

हेल्मेट डोक्यावर कसं बसतंय हाही प्रश्न आहे. काही जण ते मागे ढकलून घालतात, भुवया आणि कपाळ उघडं राहतं आणि पुढची कड भलत्या जागी रुतते. समोर बघताना वरची कड नजरेच्या अगदी वरच्या टोकाला जेमतेम जाणवली पाहिजे.

आता दुकानात. पट्टे दोन्ही हातांनी बाहेर ओढून धरा, म्हणजे तोंड थोडं रुंदावतं, आणि कपाळाकडून मागे असं चढवा. चढताना कान-गाल घासतात, आवळतं. बांगडी भरताना हात आवळतो आणि मनगटावर आली की सुटतो, तसंच इथे. खालचं तोंड आतल्या पोकळीपेक्षा अरुंद असतं, ते तसंच असावं लागतं. चढतानाच्या त्रासाला घाबरून लोक मोठा साइज घेतात आणि मग वर्षानुवर्षं सैल हेल्मेट वापरतात.

घातल्यावर पहिली जाणीव अशी हवी की सगळीकडून सारखंच धरलंय. गाल थोडे वर आलेले, बोलताना जरा अडखळायला होतंय, चघळल्याची क्रिया केली तर गाल दाताखाली येतोय, हे नव्या हेल्मेटमध्ये योग्य आहे. मग हनुवटीकडचा भाग धरून डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. कपाळाची आणि गालांची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. कातडी जागच्या जागी आणि हेल्मेट तिच्यावरून घसरतंय, असं झालं तर ते हेल्मेट खाली ठेवा, किंमत कितीही चांगली असो. कानशिलाजवळ बोट घालून बघा. सहज आत गेलं तर तिथे फट आहे. तुमच्यासाठी हीच तपासणी सर्वांत महत्त्वाची.

पट्टा नीट आवळून आणखी एक तपासणी करा. दुकानातल्या माणसाला मागची खालची कड धरून हेल्मेट पुढे लोटायला सांगा, जरा जोर लावून. ते डोळ्यांवरून पुढे घसरून निघायला लागलं तर बाद. खड्ड्यात डोळ्यांवर उतरणारं तुमचं सध्याचं लार्ज या तपासणीत नापास होणार अशी मला जवळजवळ खात्री आहे, आणि पडताना जे हेल्मेट डोक्यावर टिकत नाही त्याचा काही उपयोग नाही. म्हणून हे लार्ज घालून ‘अजून सहा महिने चालवू’ असं करू नका.

यानंतर कुणीच करत नाही ते करा: हेल्मेट डोक्यावर ठेवून दुकानात वीस ते तीस मिनिटं थांबा. खुर्चीत बसा, फोन बघा. दोन मिनिटांत मऊ गादीमुळे सगळंच छान वाटतं. टोचणारी जागा दहा मिनिटांनंतर जाणवायला लागते आणि पंचविसाव्या मिनिटाला ती सहन होत नाही. तुमचा एका बाजूचा प्रवासही पाऊण-एक तासाचा आहे, तेव्हा अर्धा तास थांबणं काही जास्त नाही. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान गाठा. माझ्या अनुभवात चांगला दुकानदार उलट आनंदाने खुर्ची देतो, कारण त्याला नंतर परतीचा माल सांभाळावा लागत नाही.

‘नवीन आहे, सैल होईल’ हे वाक्य काउंटरवर सतत ऐकू येतं. ते गालांच्या बाबतीत खरं आहे. चीक पॅडचा, म्हणजे गालांजवळच्या गादीचा, फोम महिनाभरात दबतो, म्हणून गालांना सुरुवातीला घट्ट असलेलंच घ्यायचं. कपाळाच्या बाबतीत ते खरं नाही. कपाळाशी कापड आणि पातळ फोम असतो, त्याच्या मागे लगेच ईपीएसचा कडक थर, थर्मोकोलच्या जातीचा. तो फोम दबून दबून किती दबणार? कपाळावर आज टोचणारं हेल्मेट सहा महिन्यांनीही टोचतं.

इथे एक इशारा देतो. आतून चमच्याने ईपीएस दाबून किंवा कोरून जागा करण्याचे सल्ले फिरत असतात. कृपया तसं करू नका. डोक्याला मुख्यतः वाचवतो तो बाहेरचा चकचकीत शेल नाही, हाच थर. आदळताना तो चुरडला जातो, डोकं एका झटक्यात थांबण्याऐवजी थोड्या अंतरात थांबतं आणि मेंदूला बसणारा धक्का कमी होतो. एकदा चुरडला की परत फुगत नाही, म्हणूनच जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बदलायचं. कपाळापाशी तुम्ही तो आधीच चेपून ठेवलात, तर अपघाताच्या वेळी तिथे चेपायला काही उरत नाही.

पॅड बदलणं मात्र रीतसर मार्ग आहे. पुष्कळ मॉडेल्समध्ये चीक पॅड वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. कपाळ आणि कानशिलं बरोबर बसली पण गाल सैल वाटले, तर जाड पॅड मागा. गाल फारच दबले तर पातळ. महागड्या हेल्मेटांत सोलून काढता येणारे पातळ थरही असतात. पण डोक्याचा वरचा भाग, म्हणजे भुवयांपासून मागेपर्यंतचा पट्टा, मुळात जुळलेला असला पाहिजे. पॅड बदलून गोल हेल्मेट लांबट होत नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर: घेर मोजून साइज, दुखण्याच्या जागेवरून आकार, कातडी ओढली जाते का, मागून लोटल्यावर निघतं का, आणि अर्धा तास घालून बसल्यावर डाग पडतो का. यात पास झालेली दोन-तीन मॉडेल्स हातात आली की मग पुढच्या गोष्टी बघायच्या.

चष्मा. हेल्मेट घ्यायला जाताना रोजचा चष्मा घेऊन जा, कॉन्टॅक्ट लेन्स लावून जाऊ नका. आधी हेल्मेट, मग चष्मा सरळ आत सरकवायचा. दांड्या पातळ आणि सरळ असतील तर त्या पॅड आणि कानशिलाच्या मधून जातात. कानामागे जास्त वळलेल्या जाड दांड्या अडतात आणि तासाभरात डोकं उठतं. काही चीक पॅडना चष्म्यासाठी खाच असते, ती बोटाने चाचपून बघा. एखाद्या हेल्मेटमध्ये सगळं जुळलं आणि फक्त दांडी टोचली, तर हेल्मेट सोडू नका. गाडीवर घालायला सरळ दांडीची स्वस्त फ्रेम करून घ्या.

ऊन. तुमच्या रस्त्याचा विचार केला तर हा मुद्दा तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागू आहे. सिन्नर नाशिकच्या आग्नेयेला. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, म्हणजे सकाळी जाताना तो समोर. उन्हाळ्यात वायव्येला मावळतो, म्हणजे संध्याकाळी परतताना पुन्हा समोर. त्यामुळे आत सरकणारा काळा सन व्हायझर असलेलं हेल्मेट तुमच्या कामाचं आहे. तो खाली ओढून बघा, त्याची कड नाकाला किंवा चष्म्याला लागत नाही ना. बाहेरचा मुख्य व्हायझर स्वच्छ पारदर्शकच घ्या. काळा किंवा रेनबो व्हायझर लावून सेकंड शिफ्टहून रात्री परतणं धोक्याचं आहे.

रुमाल आणि स्कार्फ. आपल्याकडे हेल्मेटखाली रुमाल बांधायची सवय आहे. मुली तर पूर्ण चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात. रुमालाची गाठ डोक्यामागे नेमकी जिथे हेल्मेट टेकतं तिथे येते आणि टोचते. शिवाय कापडाच्या दोन घड्यांनी हेल्मेटचं बसणंच बदलतं. बांधायचाच असेल तर दुकानातही बांधून हेल्मेट घाला. त्यापेक्षा शिवण नसलेला पातळ बालाक्लावा, म्हणजे डोकं आणि मान झाकणारी कापडी टोपी, घ्या, रोज धुवा, हेल्मेटचं अस्तरही त्याने स्वच्छ राहतं. ज्यांचे केस लांब आहेत त्यांनी अंबाडा किंवा क्लिप टाळून मानेवर खाली सैल वेणी घालावी, आणि निवडायला जाताना तीच वेणी घालून जावं.

वजन. हाताने तोलून हलकं हेल्मेट निवडणारे खूप भेटतात. फुल फेस साधारण १२०० ते १६०० ग्रॅमच्या दरम्यान असतात, पुढून उघडणारे फ्लिप-अप बहुधा त्याहून जड. शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक हातात कळतो, पण नीट बसलेल्या हेल्मेटमध्ये मानेला फारसा कळत नाही. मान थकवतं ते डुलणं. वारा सैल हेल्मेट सतत ढकलतो आणि मानेचे स्नायू ते सतत सावरत राहतात. तुमच्या गाडीला पुढे काच नाही, बसणं ताठ आहे, म्हणजे वारा थेट छातीवर आणि हनुवटीखाली येतो आणि हेल्मेट उचलायला बघतो. त्यामुळे नीट बसलेलं दीड किलोचं हेल्मेट तुम्हाला सैल बसलेल्या तेराशे ग्रॅमच्यापेक्षा हलकं वाटेल. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलनं झाली तेव्हा मान दुखते, ऐकू येत नाही, डोकं तापतं या तक्रारी पुन्हा पुन्हा येत होत्या. मी त्या आजही ऐकतो आणि कधी झटकून टाकत नाही, कारण त्या माणसांना खरंच त्रास होत असतो. पण त्यांचं हेल्मेट डोक्यावर ठेवून बघितलं की पुष्कळदा दोन साइज मोठं निघतं.

आवाज बहुतेक खालून येतो, मानेभोवतीच्या फटीतून. मानेपाशी जाड गादी आणि हनुवटीखाली कापडी पडदा असेल तर फरक पडतो. व्हायझर बंद केल्यावर रबराची पट्टी सगळीकडे टेकते का, तेही बघा. लांबच्या प्रवासाला फोमचे इअरप्लग मी स्वतः वापरतो. त्याने वाऱ्याचा घोंघाट दबतो आणि मागचा हॉर्न मला उलट जास्त स्पष्ट कळतो. तुमच्या अंतराला ते ऐच्छिक आहेत.

उकाड्याबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. सिग्नलला उभं असताना कोणतंही फुल फेस एप्रिलमध्ये गरमच लागतं. गाडी धावायला लागली की मात्र चांगल्या-वाईटात फरक दिसतो. बाहेर दिसणाऱ्या जाळ्या-झडपांवर जाऊ नका. अस्तर बाजूला करून ईपीएसमध्ये आरपार भोकं आणि पुढून मागे जाणारे खोलगट मार्ग आहेत का बघा. बाहेर झडप आणि आत भोकच नाही, असेही नमुने विकले जातात. अस्तर काढून धुता येणारं घ्या, हे तर पाहिजेच.

पावसाळ्यात घाटात व्हायझरवर वाफ धरते तेव्हा पिनलॉकची आतली पट्टी सर्वांत भरवशाची. व्हायझरवर तिच्यासाठी दोन खुंट्या आहेत का, एवढं विचारून ठेवा. पट्टी नंतरही घेता येते. नाकाजवळचा रबरी ब्रेथ गार्डही बऱ्यापैकी मदत करतो. व्हायझर पुसायला पेट्रोल किंवा थिनर कधीच वापरू नका. साधं पाणी आणि मऊ ओलं कापड, चिखल आधी भिजवायचा आणि मग पुसायचा.

सुरक्षिततेचे शिक्के मी मुद्दाम इतक्या उशिरा घेतले, कारण ते नसलेलं हेल्मेट तुम्ही डोक्यावर ठेवून बघण्याचाही विचार करू नये. आपल्याकडे १ जून २०२१पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. त्यावर आयएस ४१५१ हा मानक क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो परवाना बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकून खरा आहे का ते तपासता येतं, दुकानात उभ्या-उभ्या. रस्त्याकडेला मिळणाऱ्या हेल्मेटवरच्या नुसत्या स्टिकरला अर्थ नाही. ‘डॉट’ हे अमेरिकेचं मानक आहे आणि तिथे निर्माता स्वतःच जाहीर करतो की माझं हेल्मेट त्यात बसतं, तेव्हा आपल्याकडच्या सुट्या डॉट स्टिकरवर तर अजिबात विसंबू नका.

पाच हजारांच्या आसपास आयएसआयबरोबर ईसीई २२.०६ असलेली हेल्मेटंही मिळतात. हे युरोपातलं मानक. आधीच्या २२.०५मध्ये आघाताची मुख्य चाचणी सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटरच्या वेगाने होत असे. २२.०६मध्ये त्याहून कमी आणि जास्त वेगाच्या चाचण्या आल्या आणि तिरका मार बसून डोकं गरकन फिरतं त्याचीही चाचणी आली. दोन हेल्मेटं सारखीच नीट बसत असतील तर मी २२.०६चं घेईन. त्यापेक्षा महाग म्हणजे जास्त सुरक्षित असं समीकरण मात्र नाही. ब्रिटन सरकारची २००७मध्ये सुरू झालेली शार्प नावाची योजना हेल्मेटांना एक ते पाच तारे देते आणि तिथे स्वस्त हेल्मेटांनीही पाच तारे मिळवले आहेत.

आता ब्रँड. तुमच्या पैशांत स्टीलबर्ड, स्टड्स आणि तिचाच एसएमके, आपल्या बेळगावची वेगा आणि तिचाच अ‍ॅक्सर, शिवाय एमटी, एलएस२ हे सगळे येतात. यांतल्या कुणाचंही नाव मी पहिलं लिहिणार नाही, कारण मी तुमच्या डोक्याला हात लावलेला नाही. नाशिकमध्ये चार-पाच ब्रँड एकत्र ठेवणारं दुकान शोधा, दुपारची निवांत वेळ गाठा आणि दुकानदाराला सरळ सांगा: मीडियम साइज, अमुक मॉडेल कपाळावर टोचतं, त्यापेक्षा आतून लांबट काय आहे? जाताना ते जुनं मीडियम सोबत न्या. जाणकार माणूस ते तुमच्या डोक्यावर बघून दोन मिनिटांत अर्धी मॉडेल्स बाजूला करेल.

ऑनलाइन घ्यायची वेळ आलीच तर परत घेण्याची अट आधी वाचा. लेबल आणि व्हायझरवरचं प्लास्टिक न काढता घरातच अर्धा तास घालून बसा आणि डाग पडला तर त्याच दिवशी परत पाठवा. ‘चार दिवस वापरून बघू’ म्हणालात तर ते परत जात नाही.

नवीन घेतल्यावर महिनाभराने कातडी ओढली जाण्याची आणि मागून लोटण्याची तपासणी पुन्हा एकदा करा. तोपर्यंत चीक पॅड दबलेले असतील. सैल वाटलं तर जाड पॅड मागवून घ्या. आणि वर सांगितलेला लाल डाग कपाळावर नसून दुसरीकडे कुठे निघाला, तर इथे लिहा, मग आपण वेगळ्या दिशेने बघू.